आमचं शेवटचं बोलणं म्हणजे एक आकडा

मी समुपदेशक. अचानक गेलेल्या माणसाच्या घरचे लोक माझ्याकडे येतात ना, त्यांचा एक प्रश्न हमखास असतो. शब्द वेगळे असतात पण प्रश्न तोच. मॅडम, त्याला आठवायला गेलं की तो दिसतच नाही, फक्त ती रात्र दिसते. म्हणजे चाळीस-बेचाळीस वर्षांचं अख्खं माणूस, आणि डोळ्यासमोर काय तर शेवटचे तीन-चार तास, ॲम्ब्युलन्स, कुणीतरी दारात काढलेल्या चपला. मग त्याचा अपराधीपणा वेगळा, की बघा, इतका जीव होता म्हणतो आणि साधं हसणं आठवत नाही, माझं काही चुकतंय का.

याचं उत्तर मी आधी थिअरीतून द्यायचे. आता एका ताईंचा अनुभव सांगते, कारण मला स्वतःला तो त्यांच्याकडूनच नीट कळला. त्यांना विचारून लिहितेय आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.

ताई सांगलीत राहतात, एका पतसंस्थेत क्लार्क. वय 38. माहेर तासगाव बाजूच्या एका मोठ्या गावात, सगळ्या द्राक्षबागा. भाऊ पाच वर्षांनी मोठा, त्याचं स्टँडजवळ मोटर रिवायंडिंगचं दुकान. विहिरीवरची मोटर जळली की लोक ती टेम्पोत नाहीतर मोटारसायकलच्या मागे बांधून त्याच्याकडे आणणार आणि तो आतलं जळकं वायंडिंग काढून नवी कॉपरची तार भरून देणार. उन्हाळ्यात तर रांग. व्होल्टेज कमी, त्यात शेतीची लाईट रात्री, मोटरी जळायचा सीझनच तो. आणि गेला पण तो मार्चमध्येच, ऐन सीझनला. रात्री जेवल्यावर छातीत जळजळतंय म्हणाला, दुपारी दुकानात भडंग खाल्लं त्याचं असेल म्हणून सोडा पिऊन आडवा झाला. पहाटे चारला वहिनीला जाग आली तेव्हा सगळं संपलं होतं. (इथे एक सांगूनच ठेवते, विषय वेगळा आहे तरी. जळजळीबरोबर घाम येत असेल, डावा हात किंवा जबडा दुखत असेल, छाती दाबल्यासारखी वाटत असेल तर ॲसिडिटी म्हणून झोपू नका, 108 ला फोन करा. खोटं निघालं तर निघू दे.)

ताईंना पावणेपाचला शेजाऱ्यांचा फोन, “दादाला जरा बरं नाहीये, तुम्ही या.” हे वाक्य आपल्याकडे कुणालाही फसवत नाही. त्या म्हणाल्या मी साडी नेसता नेसता मिस्टरांना म्हटलं, दादा गेला.

माझ्याकडे आल्या तेव्हा दोन महिने झाले होते. झोप नाही, ऑफिसात आकडे चुकायला लागले, आणि पतसंस्थेत आकडे चुकणं म्हणजे काय ते बँकेत काम केलेल्यांना कळेल. बसल्या बसल्या पहिलं वाक्य काय बोलल्या, “मॅडम, आमचं शेवटचं बोलणं म्हणजे त्रेसष्ट.”

मला काही कळलं नाही.

मग त्यांनी समजावून सांगितलं. दुकानात त्याच्याकडे हाताने फिरवायचं वायंडिंगचं मशीन होतं, फर्म्यावर तार गुंडाळत जायचं आणि टर्न मोजायचे. मशीनला काउंटर असतो पण त्याचा काउंटर कित्येक वर्षं बंद. गावभरच्या मोटरी दुरुस्त करायचा, स्वतःच्या मशीनचा काउंटर काही केला नाही. तर तो तोंडाने मोजायचा. आणि मोजताना फोन आला की उचलायचा, पण हॅलो म्हणायचा नाही, ज्या आकड्यावर असेल तो आकडा म्हणायचा. “एकशे बारा.” म्हणजे काय तर थांब, बोलू नको, मोडेल. टर्न चुकले की मोटर गरम होते, जास्त करंट खेचते, परत जळते, गिऱ्हाईक शिव्या देतं. सगळ्या घराला ही सवय माहीत होती, फोनवर आकडा आला की नंतर करायचा.

त्या दिवशी संध्याकाळी सहाला ताईंनी फोन केला होता, आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचं ठरवायला. तिकडून आलं, “त्रेसष्ट.” ताई दिवसभर ऑफिसातून दमून आलेल्या, त्या म्हणाल्या “बस मोजत, तुला आईचं कधी पडलंय?” आणि कट केला. त्याचा परत फोन आला नाही. त्यांनीही केला नाही.

बरं यात अजून एक गोष्ट मिसळली होती ती तिसऱ्या सेशनला बाहेर आली. दहाव्याला घाटावर पिंडाला कावळा शिवेना. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला, ऊन चढलेलं, लोक कुजबुजायला लागले. मग कुणीतरी म्हणालं बहिणीत जीव अडकलाय त्याचा, ताई तुम्ही काहीतरी कबूल करा. चाळीसेक माणसांसमोर ताई हात जोडून म्हणाल्या, “दादा, पोरांचं मी बघीन, तू जा.” आणि पाच मिनिटात कावळा आला. बाकीच्यांनी सुटकेचा श्वास सोडला, ताईंनी मात्र घाटावरून एक वाक्य घरी आणलं, की तो माझ्यावर रागावून गेला म्हणून कावळा शिवत नव्हता.

आता इथे समुपदेशक काय करणार. कावळ्याचं शास्त्र काढायचं का? मी काढत नाही. मी त्यांना एवढंच विचारलं की घाटावर तुमच्याशिवाय अजून किती जणांना वाटलं असेल की हा आपल्यामुळे थांबलाय. त्या विचार करून म्हणाल्या, वहिनीला वाटलं असणार, रात्री उठवलं नाही म्हणून. आईला वाटलं असणार. मग थांबून म्हणाल्या, दुकानातल्या पोराला पण वाटलं असेल, भडंग त्यानेच आणलं होतं. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत, मीही नाही बोलले. लोकांना वाटतं समुपदेशक म्हणजे “तुमची काही चूक नाही” म्हणायला बसलेला असतो. हे वाक्य ताईंना तोवर किमान पन्नास जणांनी सांगून झालं होतं, माझ्याने एक्कावन्न झाले असते.

माझी चूक कुठे झाली ते पण सांगते. दुसऱ्या सेशनला मी त्यांना नेहमीचा होमवर्क दिला होता, भावाला पत्र लिहा, न पाठवायचं. बऱ्याच जणांना उपयोग होतो. ताईंनी दोन पानं लिहून आणली आणि वाचायला लागल्यावर मला कळलं की हे पत्र नाही, ही स्टँडवरच्या फ्लेक्सची भाषा आहे. तू देवमाणूस होतास, तू सर्वांच्या हाकेला धावायचास, तुझी उणीव कायम भासेल. वाचताना डोळ्यात पाणी पण आलं नाही त्यांच्या. मी विचारलं, हे तुमच्या दादाबद्दल आहे का? तर म्हणाल्या, माहीत नाही, सगळे असंच म्हणतात.

आणि फ्लेक्स खरंच लागला होता. भावपूर्ण श्रद्धांजली, खाली मित्रमंडळ, आणि फोटो कुणाच्या तरी लग्नातला कापून काढलेला, पांढऱ्या शर्टात. ताई म्हणाल्या मॅडम, त्याच्याकडे पांढरा शर्टच नव्हता, वॉर्निशचे डाग पडतात म्हणून तो घ्यायचाच नाही, तो शर्ट त्यादिवशी मिस्टरांचा घातलेला. आता घरात हार घातलेला फोटोपण तोच. आई रोज त्याच्यासमोर बसते आणि मला वाटतं आई मिस्टरांच्या शर्टापुढे रडतेय. असं म्हणून त्या हसल्या आणि लगेच तोंडावर हात ठेवला, जणू काही पाप झालं.

तो हात बघितला आणि मला वाटलं इथेच काहीतरी आहे. अचानक मरण आलं की आपल्याकडे माणूस दोनदा जातो, एकदा तो जातो आणि मग त्याचा देवमाणूस होतो. देवमाणसाला सवयी नसतात, तो उधार ठेवत नाही, चिडत नाही, फोनवर आकडे सांगत नाही. त्याच्याबद्दल काही आठवायला जागाच राहत नाही. आणि मग जी एकच खरीखुरी गोष्ट हाताशी उरते ती म्हणजे शेवटची रात्र, मेंदू तीच धरून बसतो. मी हे ताईंना एवढं नीट बोलून दाखवलं नाही, तेव्हा मलाच इतकं नीट कळलं नव्हतं.

बहिणीची अजून एक गोची असते. सगळे तिला विचारतात, आई कशी आहे? वहिनी सावरली का? पोरं काय म्हणतात? तिला कुणी विचारत नाही. ऑफिसने चार दिवस रजा दिली, पाचव्या दिवशी साहेब म्हणाले वहिनींना आधार द्या. केनेथ डोका नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने 1989 मध्ये अशा दुःखाला एक नाव दिलंय, ज्या दुःखाचा हक्क समाज मान्य करत नाही ते दुःख. भाऊ-बहीण त्यात नेहमी येतात. आपल्याकडे तर कायद्यातपण तसंच आहे, 1956 च्या हिंदू वारसा कायद्यात मृत्युपत्र न करता पुरुष गेला तर बायको, मुलं, आई पहिल्या वर्गात आणि बहीण दुसऱ्या वर्गात. ताई क्लार्क असल्यामुळे दाखला काढण्यापासून वारसांच्या अर्जापर्यंत सगळी कागदं त्यांनीच केली, आणि एकाही कागदावर त्यांचं नाव नव्हतं. हे त्या अगदी सहज बोलून गेल्या, रडत वगैरे नाही. हक्क नकोच होता मॅडम, फक्त कुठेतरी “बहीण” असा एक रकाना असायला हवा होता.

मधल्या काळात त्यांना कुणीतरी व्हॉट्सॲपवर दुःखाच्या पाच पायऱ्या पाठवल्या. नकार, राग, सौदा, नैराश्य, स्वीकार. त्या माझ्याकडे येऊन म्हणाल्या, मला राग आलाच नाही, मी दुसरी पायरी चुकवली का? एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी 1969 मध्ये त्या पायऱ्या मांडल्या त्या स्वतः मरणाच्या दारात असलेल्या पेशंटांशी बोलून, मागे राहिलेल्या लोकांवरून नाही. नंतर सगळ्यांनी त्या सगळीकडे लावल्या. पतसंस्थेच्या हप्त्यासारखं दुःख महिन्याच्या महिन्याला फिटत नाही. मला जास्त पटतं ते मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट यांचं, 1999 चं, की माणूस दुःखात जातो आणि बाहेर येतो, परत जातो, परत बाहेर येतो, झोक्यासारखा. सकाळी स्मशान आठवतं आणि दुपारी लाईट बिल भरलं जातं, आणि हे दोन्ही चालतं. ताईंना झोका पटला, पायरी पटली नव्हती.

मग ती वही आली.

वहिनीने ताईंना दुकानातली उधारीची वही दिली, लाल कापडाची, लांब. कारण घरात पैशाची ओढ होती आणि वसुली ताईंना येते. ताई पतसंस्थेच्या सवयीने ती वही घेऊन बसल्या, एक्सेलमध्ये टाकू म्हणून. आणि रात्री साडेअकराला मला मेसेज, मॅडम मी हसतेय, हे नॉर्मल आहे का? पुढच्या सेशनला वही घेऊनच आल्या. मी ती हातात घेऊन बघितली. तारेच्या चिकट वॉर्निशचा वास अजून पानांना होता, कडा काळ्या, आणि मध्येच पानावर अंगठ्याचा तपकिरी ठसा. नावं जवळपास कुणाचीच नाहीत, सगळी त्याने ठेवलेली नावं.

टाकीवाला मामा – 5 एचपी – 2200 – बाग गेल्यावर.

गुर्जी – 1 एचपी – 900 – दीड तास बोलला, 100 जादा लावले.

विहिरीवाल्या काकू – 3 एचपी – मागू नये.

पुढारी – 7.5 एचपी – 3800 – दोनदा मागितले, आता त्याच्या बायकोला सांगणार.

आणि शेवटून तिसऱ्या पानावर, “स्वतः – घरचा पंखा – राहिलाय.”

ताई म्हणाल्या, हा बघा, हा माझा दादा, हा फ्लेक्सवरचा नाही. शंभर रुपये जादा लावणारा.

आता यात मजा अशी की “मागू नये” अशा अकरा नोंदी निघाल्या. ताईंना त्या वाचून भरून आलं, केवढं मन. त्यांनी कौतुकाने वहिनीला दाखवल्या आणि वहिनी फाटकन म्हणाल्या, “त्याच महिन्यात मी शेजारणीकडून उसनी टाकी आणली होती गॅसची.” दोघींचं मोठं भांडण झालं. ताई माझ्याकडे येऊन म्हणाल्या वहिनीला त्याची किंमतच नव्हती. मी विचारलं गॅस खरंच उसना आणला असेल का? म्हणाल्या असेल. मग काकूंचे पैसे सोडणारा माणूस आणि घरात गॅस नसलेला माणूस एकच होता का? बराच वेळ पदराशी खेळत बसल्या. मला वाटतं वहिनींचा राग हा त्या घरातला सगळ्यात खरा शोक होता, कारण तो एका खऱ्या माणसावर होता. नंतर वहिनी पण दोन वेळा आल्या माझ्याकडे, पण ते त्यांचं, इथे नको.

मी ताईंना म्हटलं या वहीतली माणसं शोधा. पुढची आयडिया मात्र पूर्ण त्यांची, मी श्रेय घेत नाही. त्यांनी वसुलीचे फोन सुरू केले आणि प्रत्येकाला सांगायच्या, पैसे जमतील तसे द्या, पण आधी दादाचा एक किस्सा द्या. आणि चांगला होता असं सांगायचं नाही, त्याने काही पैसे फिटत नाहीत.

लोकांनी काय काय दिलं. एकजण म्हणाला ऑगस्ट 2019 च्या पुरात नदीकाठच्या पाव्हण्यांच्या मोटरी आठवडाभर पाण्याखाली होत्या, त्याने दुकानासमोर रस्त्यावर ओळीने मांडून सुकवल्या, दोन रात्री झोपला नाही आणि मजुरी न घेता फक्त मालाचे पैसे घेतले, आणि तिसऱ्या दिवशी एवढा चिडचिडा झाला की एका पूरग्रस्ताशीच हमरीतुमरीवर आला. गुर्जी म्हणाले तो माझं बोलणं ऐकायचा नाही हे मला माहीत होतं, मान हलवत आतून टर्न मोजायचा, मला ते दिसायचं, तरी मी जायचो, रिटायर माणसाचं दुसरं कोण ऐकतं. शंभर जादा लावलेले ताईंनी त्यांना सांगितले तर म्हणाले लावू दे, कन्सल्टेशन फी. एका बाईने सांगितलं शाळेत असताना त्याने तिच्या डब्यातली शेंगदाण्याची पोळी चोरली होती आणि तीस वर्षांनी तिच्या मोटरचं बिल करताना त्यात “पोळी वजा 10” लिहिलं. एकाने काहीच सांगितलं नाही, फोनवर नुसता रडला आणि दुसऱ्या दिवशी पूर्ण पैसे पाठवले. ताई सगळं वहीतच लिहायला लागल्या, त्याच्या नोंदीखाली, वेगळ्या रंगाच्या पेनाने.

मग त्या दुकानातल्या पोराकडे गेल्या. त्या दिवशी संध्याकाळी सहाला तो तिथेच होता. खरं सांगते, माझ्याही मनात होतं की तो काहीतरी सांगेल, की फोन ठेवल्यावर मालक हसले, म्हणाले ताई भडकली, उद्या करतो फोन. असं काहीतरी मिळालं असतं तर माझं काम सोपं झालं असतं. ताई तर तेवढ्यासाठीच गेल्या होत्या. पोरगा म्हणाला, “त्या दिवसाचं काय ध्यानात न्हाई ताई, गिऱ्हाईक लय होतं.”

संपलं. ताई उठायला लागल्या तर पोरगं डोकं खाजवत म्हणालं, एक सांगू का, राग येऊ देऊ नका. मालक काय दरवेळी मोजत नसायचे. कधीकधी नुसते चहा पीत बसलेले असायचे, पाय वर करून, आणि फोन आला की बघायचे कुणाचाय आणि बोलायचं नसलं की आकडा सांगायचे. पुढाऱ्याला तर कायम दोनशेच्या पुढचा.

ताई सांगतात मी तिथे स्टुलावर बसले आणि मला इतका राग आला, इतका राग आला. वीस वर्षं! वीस वर्षं मी आकडा ऐकून फोन ठेवतेय, टर्न मोडू नये म्हणून! माझ्या डोहाळजेवणाच्या फोनला म्हणाला होता एकशे चाळीस! लबाड! आणि मग हसायला लागल्या, पोरगं पण हसायला लागलं, आणि हसता हसता दोघं रडले, समोरचा टपरीवाला बघायला आला काय झालं म्हणून. दोन महिने अडकलेलं… नाही, तोवर जवळपास चार महिने झाले होते. त्रेसष्टला तो खरंच मोजत होता की चहा पीत होता हे आता कुणालाच कळणार नाही. ताई म्हणाल्या चहाच पीत असणार. मी म्हटलं कशावरून? म्हणाल्या, मार्चमध्ये पाचशेच्या खाली काम नसतं. मला रिवायंडिंगमधलं ओ का ठो कळत नाही, हा हिशोब बरोबर की चूक माहीत नाही. मी मान हलवली.

त्यानंतर शेवटची रात्र येणं बंद झालं का? नाही. अजूनही येते म्हणतात. पण आता ती एकटी येत नाही, तिच्याबरोबर गुर्जी येतात, पोळी वजा 10 येते.

सण हा वेगळाच मामला असतो. श्रावण लागला आणि नागपंचमीच्या आदल्या दिवशीचा भावाचा उपवास आला. ताई लहानपणापासून धरायच्या. सासूबाई म्हणाल्या, आता कशाला, भाऊच राहिला नाही. वाईट हेतूने नाही म्हणाल्या, त्यांच्या हिशोबाने ते बरोबर होतं, उपवास भावाच्या आयुष्यासाठी असतो. ताई मात्र स्वयंपाकघरात ताटासमोर बसून राहिल्या, जेवू का नको. मला फोन केला. मी काही पंचांग सांगणारी नाही, पण त्या उपवासाची जी कहाणी सांगतात ती मला माझ्या आजीकडून माहीत होती. सत्येश्वरी नावाच्या बहिणीचा भाऊ सत्येश्वर पंचमीच्या आदल्या दिवशी गेला, आणि ती त्या दुःखात जेवली नाही. मग तिला तो नागाच्या रूपात दिसला. म्हणजे पहिला उपवास ज्या बहिणीने केला तिचा भाऊ गेलेलाच होता की. ताई फोनवर गप्प. मग म्हणाल्या, मग माझाच उपवास खरा. आणि संध्याकाळी उपवास सोडताना त्यांनी सासूबाईंना ही कहाणी सांगितली, सासूबाई म्हणाल्या मला ठाऊक होतं गं, विसरले होते.

राखीला त्या गावाला गेल्या आणि दुकानातल्या पोराला राखी बांधली. भाऊबीजेला मात्र नाही ओवाळलं कुणाला. ज्यांना भाऊ नाही त्या चंद्राला ओवाळतात, ते कुणीतरी सुचवलं, तर म्हणाल्या मला भाऊ आहे, नाहीये असं नाही, फक्त ओवाळता येत नाही. त्या दिवशी त्या नुसत्या झोपून राहिल्या आणि मी त्यांना उठा म्हटलं नाही.

पोरांचं राहिलंच. भाच्याला, सहा वर्षांचा, घरात सांगितलं होतं की पप्पा देवाकडे मोटर दुरुस्त करायला गेलेत. तो रोज विचारायचा झाली का. हे मी ताईंना पहिल्याच महिन्यात थांबवायला लावलं. लहान मुलाला साध्या शब्दात सांगायचं, पप्पांचं हृदय बंद पडलं, ते मेले, परत येणार नाहीत, आणि तुझ्यामुळे काही झालेलं नाही. जड जातं बोलायला पण “झोपले” आणि “गेलेत” यापेक्षा बरं, नाहीतर मूल झोपायला घाबरतं. भाची नववीत, ती काहीच विचारायची नाही कारण पप्पा म्हटलं की घरातल्या बायका रडायच्या. आता ती वही वाचते. तिने विचारलेला पहिला प्रश्न, आत्या, पप्पा नववीत किती पडले होते? ताईंनी खरं सांगितलं. गणितात 41.

कुणी विचारेल, एवढं सगळं करूनही सुटत नसेल तर? बरेच महिने झाले आणि रोज, दिवसभर, ती ओढ तशीच तीव्र आहे, कामधंदा, जेवण, माणसं सगळं सुटलंय, जगण्यात अर्थ वाटत नाही, तर ते नुसतं दुःख राहिलेलं नसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत त्याची मर्यादा सहा महिन्यांची धरली आहे आणि अमेरिकन मानसोपचारतज्ञांनी 2022 मध्ये मोठ्या माणसांसाठी एक वर्ष धरलं. मरणाचे विचार येत असतील तर मात्र महिने मोजत बसायचं नाही, त्याच दिवशी बोलायचं. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, 14416, फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. ताईंना गोळ्यांची गरज लागली नाही, पण झोपेसाठी मी त्यांना सुरुवातीलाच मानसोपचारतज्ञांना दाखवून आणलं होतं, त्यात कमीपणा काही नाही.

फोटोचं काय झालं ते राहिलं. वर्षश्राद्धाआधी ताईंनी फोटो बदलायचा विषय काढला. आई ऐकेना, देवाजवळचा फोटो हलवायचा नसतो. शेवटी तो तसाच ठेवला आणि शेजारी पोराच्या मोबाईलमधला एक प्रिंट काढून लावला. निळा मळका टीशर्ट, दातात तार धरलेली, कॅमेऱ्याकडे बघून वैतागलेला. आई आता दोन्हीकडे बघते. म्हणते, तो पांढरा चांगला दिसतो, पण हा ओरडल्यासारखा वाटतो.

परवा हे लिहायच्या आधी परवानगीसाठी ताईंना फोन केला. दीड वर्ष झालं सेशन बंद होऊन. फोन उचलला आणि तिकडून आवाज, “एकशे सात.” मी गडबडले, मग लक्षात आलं आणि गपचूप फोन ठेवला. दोन तासांनी त्यांचा फोन, सॉरी मॅडम, भाकरी थापत होते. भाकरी काय शंभर थापत होता का, मी विचारलं. म्हणाल्या तेवढं चालतं हो.

लिहू का म्हटलं. म्हणाल्या, “लिहा मॅडम, सगळं लिहा. फक्त माझ्याकडून त्याने साडेतीन हजार घेतलेले, काउंटर दुरुस्त करतो म्हणून, ते दिले नाहीत, तेही लिहा.”

लिहिलं.